उजवीकडे कलणारी तबकडी

माझा हात वाकडा आहे हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सांगण्यात आलं. तोवर त्या हाताबद्दल कुणाची तक्रार नव्हती. त्याने अंगणवाडीत बावीस वर्षं पोरांची खिचडी ढवळली, घरची शेती केली, दोन मुली वाढवल्या, आणि एकदा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर अंगचटीला येणाऱ्या एका माणसाच्या कानाखाली आवाजही काढला. हात वाकडा आहे असं तो माणूससुद्धा म्हणाला नव्हता.

म्हणाले ते महाडच्या एका शाळेतले खेळाचे सर. सर मला काकू म्हणतात. माझ्याहून ते जेमतेम चार वर्षांनी लहान असतील, पण ते असो.

हा खेळ आमच्याकडे आणला भाईंनी. भाई म्हणजे माझ्या नवऱ्याचे शाळासोबती. अठरा वर्षं मस्कतला ट्रेलर चालवून ते महाडला परतले आणि दोन टेम्पो घेऊन धंद्याला लागले. तिकडे कंपनीच्या आवारात परदेशी इंजिनियर डिस्क गोल्फ खेळायचे, त्यांच्यात राहून भाईंनाही नाद लागला. आखातातून येताना लोक सोनं आणतात, अत्तर आणतात, जाडजूड ब्लँकेटं आणतात. भाईंनी गोणीभर प्लॅस्टिकच्या तबकड्या आणल्या. त्यावरून भाभी अजून त्यांना बोलून घेतात.

खेळ समजायला सोपा. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, पडेल तिथे जाऊन पुन्हा फेकायची, आणि दूर उभ्या केलेल्या साखळ्यांच्या टोपलीत ती जाईपर्यंत हेच करायचं. ज्याला सगळ्यात कमी फेकी लागतील तो जिंकला. टोपल्या भाईंनी महाडच्या एका वेल्डरकडून करून घेतल्या: पाण्याचा पाइप, टेम्पोत माल बांधायच्या साखळ्या आणि खाली भोकं पाडलेलं घमेलं. अशा नऊ टोपल्या. मैदान म्हणजे महामार्गाच्या खालच्या अंगाला असलेली आमची आणि शेजाऱ्यांची भातखाचरं, कापणीनंतर मोकळी झालेली. मधून ओढा जातो.

सगळी खाचरं मोकळी नसतात, कारण भातानंतरच्या ओलीवर आम्ही वाल पेरतो. त्यामुळे आमच्याकडे एक नियम आहे, तो जगात दुसरीकडे कुठे नसावा. तबकडी वालात पडली तर एक फेक जास्त धरायची, आणि ती काढताना वेल तुडवला तर दोन. हा नियम मी केला. वाल माझे होते.

खरं सांगायचं तर मी तिथे खेळायला गेलेच नव्हते, भांडायला गेले होते. एका रविवारी सकाळी माझ्या वालाच्या ऐन मध्यात एक पिवळी तबकडी येऊन पडली. ती उचलून मी बांधावर आले, तोंडाचा पट्टा सोडला आणि तबकडी भिरकावून दिली. ती दोन खाचरं ओलांडून भाईंच्या पायाशी पडली. भाई शिव्या खाऊनही हसत होते. म्हणाले, "वहिनी, परत एकदा टाका. शिव्या नाय, तबकडी." मी परत टाकली, आणि तो नाद मला आजतागायत सुटलेला नाही.

भाई हौसेने खेळतात. सर मात्र खेळ शिकवतात. ते इंटरनेटवर तासन्‌तास बघून आलेले असतात आणि कुणाचा खांदा, कुणाचं मनगट, कुणाचा पाय हे सगळं त्यांना दिसतं. त्यांनी मला त्यांच्या पिशवीतली एक जड तबकडी दिली. चांगले खेळाडू हीच वापरतात, वाऱ्याला दाद देत नाही, असं म्हणाले. उजव्या हाताने टाकली की ती शेवटी डावीकडे वळते, हा तिचा स्वभाव. माझ्या हातून सुटल्यावर ती शेवटापर्यंत कशाला थांबेल! सुटल्या सुटल्या डावीकडे झुकायची आणि थेट ओढ्यात जायची.

"सपाट, काकू, सपाट! बाहेरची कड खाली पडते तुमची. हात वाकडा आहे."

महिनाभर हेच. मी टाकायची, तबकडी ओढ्यात, आणि मागून "सपाट!" मी मुद्दाम सपाट टाकायला गेले की खांद्यात कळ यायची आणि तबकडी थरथरत दहा पावलांवर पडायची. बाकीचे खेळणारे, म्हणजे बँकेतले एक साहेब, औषधांच्या दुकानाचे एक मालक आणि सरांच्या शाळेतले दोन शिक्षक, आधी हसायचे. नंतर त्यांनी हसणं बंद केलं आणि मला धीर द्यायला लागले. ते हसण्याहून वाईट होतं.

कड खाली का पडते ते मला ठाऊक होतं. लावणीच्या दिवसांत रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधतात, आणि बांधावर उभं राहून त्या खालच्या खाचरात फेकाव्या लागतात, लावणाऱ्या बायांच्या हाताशी पडतील अशा. मूठ पात्यांकडून धरायची. मुळं बाहेरच्या बाजूला, चिखलाने जड झालेली, म्हणून ती खाली झुकतात. हात छातीवरून आडवा आणायचा आणि मूठ सोडायची. नीट सोडली तर ती मुळांवर पडते, उभी राहते. सपाट सोडली तर पाती चिखलात आणि मुळं वर, मग लावणारी बाई आधी तुमच्या नावाने बोटं मोडते आणि मग रोप लावते. मी नऊ वर्षांची असल्यापासून मुठी टाकल्या आहेत. माहेरी टाकल्या, सासरी टाकल्या. चाळीस वर्षांत त्या हाताला एकच गोष्ट शिकवली गेली होती, बाहेरची बाजू खाली ठेव. आता म्हणे ती चूक.

मला राग आला. सरांचा आला, आणि त्याहून जास्त माझाच आला, कारण महिनाभर मी मान हलवून "हो सर, हो सर" करत होते.

मग मी भाईंना साधा प्रश्न विचारला. "भाई, माझी डावीकडे जाते. आपणहून उजवीकडे जाणारी तबकडी असते का एखादी?"

भाई म्हणाले, "हाय ना! गोणीत पडल्यात. कोण घेत नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या ओटीवर गोणी उलटी केली. सरही आले होते. त्यांनी समजावलं, आणि समजावतात ते छान, हे मान्य करायला हवं. जोरात टाकल्यावर वेगात असताना उजवीकडे कलते आणि वेग मेला की थोडी डावीकडे परतते, तिला अंडरस्टेबल म्हणतात. लांब पल्ल्याच्या तबकड्यांची कड रुंद आणि धारदार असते, ती पकडायला मोठा पंजा लागतो आणि उडवायला मोठा जोर. मधल्या पल्ल्याची ती फेअरवे ड्रायव्हर, तिची कड बेताची. प्रत्येकीवर चार आकडे छापलेले असतात: वेग किती, तरंगते किती, कलते किती, परतते किती. तिसरा आकडा वजा दोन, वजा तीन असेल तर ती उजवीकडे कलणारी.

"पण काकू, ती नका घेऊ," सर म्हणाले. "ती नवशिक्यांची असते. बायकांना, लहान मुलांना देतात, ज्यांच्या हातात जोर नसतो त्यांना. तुम्हाला वाईट सवय लागेल. आधी हात सुधारा."

मी म्हटलं, "सर, तुमच्या घरी तांदूळ आमच्याकडूनच जातो ना? ह्याच वाकड्या हाताचा हाय तो. पचतो ना?"

नवरा ओटीच्या कोपऱ्यात वाल सोलत बसला होता. तो खुदकन हसला आणि सरांनी बघितल्यावर पुन्हा वालात डोकं घातलं.

गोणीत तशा दोन निघाल्या. एक जुनी, कडेला ओरखडे पडलेली, मऊ झालेली. दुसरी नवी, कोकमाच्या रंगाची, जरा टणक प्लॅस्टिकची. दोन्ही मी तराजूत घालून पाहिल्या. जुनी भरली पावणेदोनशे ग्रॅम, नवी एकशे साठच्या आसपास. मी दोन्ही घेऊन सकाळी सकाळी एकटीच खाचरात गेले. जुनी टाकली. ती उजवीकडे वळली, आणखी वळली, कडेवर उभी राहिली आणि चाकासारखी घरंगळत गेली ती माझ्याच वालात. दुसऱ्या खेपेला तेच. नंतर भाईंनी सांगितलं, तबकडी झिजली की जास्तच कलायला लागते. नवी टाकताना मी काहीच सुधारलं नाही. अंगठा वर, चार बोटं कडेखाली, हात छातीवरून आडवा, बाहेरची बाजू खाली. जशी मूठ टाकते तशीच.

ती डाव्या कुशीवर निघाली. निघाली तेव्हा मला वाटलं, गेली ही पण ओढ्यात. पण पंधरा-वीस पावलांवर तिने हळूच अंग सावरलं, सपाट झाली, आणि सरळ तरंगत राहिली. एक बांध गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या पलीकडे जराशी डावीकडे येऊन टेकली. माझा हात तिला डावीकडे पाडत होता, तिचा स्वभाव तिला उजवीकडे ओढत होता, आणि दोघांच्या ओढाताणीत ती नाकासमोर गेली होती. मी तिथे एकटी उभी राहून मोठ्याने हसले. एवढा आनंद मला मुलीला नोकरी लागली त्या दिवशी झाला होता, त्याआधी कधी ते आठवत नाही.

त्यानंतर मी रोज टाकली. तिची खोड हळूहळू कळली. जोर केला की ती रुसते, उलटी होऊन उजवीकडे पडते. तिला ढकलायचं नसतं, सोडायचं असतं. मागून वारा असेल तर ती कलायला आळस करते, मग हात थोडा कमी झुकवायचा. समोरून वारा असेल तर ती फार लवकर कलते, मग जास्त झुकवायचा. हे मी कुणाच्या व्हिडिओत पाहिलं नाही. वालात पडल्यावर एक फेक जास्त मोजून शिकले, स्वतःच्याच नियमाने.

सर बघत होते. ते म्हणायचे, "जाते खरी सरळ. पण पद्धत चुकीचीच आहे."

मार्चमध्ये पुण्याला चौघांच्या संघांची स्पर्धा होती. भाई, सर आणि शाळेतले एक शिक्षक हे तिघे ठरले. चौथी जागा रिकामी होती. तिच्यासाठी बँकेतले साहेब, औषधवाले आणि मी असे तिघे उभे होतो.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते लाज सोडून सांगते. मी शाळेत असताना लंगडीचा संघ तालुक्याला जायचा. मी चांगली लंगडी घालायची. दरवर्षी बाई माझं नाव लिहायच्या आणि दरवर्षी घरचे मला ठेवून घ्यायचे, कारण लावणीला माणसं कमी पडायची. ट्रक भरून पोरी गाणी म्हणत महाडला जायच्या आणि मी बांधावर मुठी टाकत असायची. तीन वर्षं असं झालं. चौथ्या वर्षी बाईंनी नाव लिहिलंच नाही. त्यानंतर मला कुणी कुठल्या संघात विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं की मला अजून जायचं आहे.

सरांनी निवडीची पद्धत ठरवली. सहावी टोपली ओढ्याच्या पलीकडे आहे, सत्तर एक पावलांवर. प्रत्येकाने एक फेक टाकायची. ज्याची तबकडी टोपलीच्या सगळ्यात जवळ, तो पुण्याला. एकच फेक, असं सरांनी दोनदा सांगितलं.

दुपारी चारची वेळ. त्या वेळी सावित्री नदीच्या अंगाने खाडीकडचा वारा वर चढतो, आणि सहाव्या टोपलीकडे तोंड केलं की तो थेट छातीवर येतो. माझ्या तबकडीला ह्याहून वाईट वारा नाही. बांधावर सगळे जमले होते. माझा नवराही होता, वालाच्या शेंगांची टोपली पायाशी ठेवून.

साहेबांनी पहिली टाकली, जड तबकडी. वाऱ्यात छान घुसली, पण डावीकडे खेचली गेली आणि ओढ्याच्या दगडांवर आपटली. मग औषधवाल्यांची. त्यांची ओढा ओलांडून पलीकडच्या खाचरात पडली, टोपलीपासून बऱ्यापैकी जवळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

माझी पाळी आली तेव्हा सर जवळ आले. त्यांनी पिशवीतून आपली जड तबकडी काढून माझ्यापुढे धरली. "काकू, हट्ट सोडा. ह्या वाऱ्यात तुमची उलटणार. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ते खरोखरच भल्याचं सांगत होते. आणि पुस्तकाप्रमाणे ते बरोबरही होते. क्षणभर वाटलं, घ्यावी. मग ओढ्यात गेली असती तरी कुणी मला दोष दिला नसता. सरांच्या तबकडीने, सरांच्या पद्धतीने हरले असते आणि सगळे म्हणाले असते, बिचारीने प्रयत्न केला.

"नको सर," मी म्हटलं. "मला माझीच बरी."

श्रावणाच्या तोंडावर लावणी लांबली की असाच समोरून वारा असतो, आणि मूठ उलटू नये म्हणून मुळं आणखी खाली धरतात. मी हात इतका झुकवला की मागून कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. जोर केला नाही. सोडली.

ती जवळजवळ उभ्या कडेवर निघाली. वाऱ्याने तिला लगेच उचललं, ती सपाट व्हायला लागली, ओढ्यावर असतानाच सपाट झाली, आणि मग कलायला लागली उजवीकडे. मी ओठ चावून धरला. ती कलत कलत पलीकडच्या काठावर गेली, तिथे तिचा वेग मेला, आणि ती डावीकडे परतून टोपलीच्या पुढ्यात टेकली. एक उडी मारली आणि पडून राहिली.

मग भाईंनी शिट्टी वाजवली.

सर म्हणाले, "वारा पडला होता हो मध्येच. नशीब. असं करू, काकू, परत एकदा टाका. म्हणजे शंका नको."

मी म्हटलं, "कुणाला शंका आलीय?"

"शंका म्हणजे तसं नाही. पुण्याला चार लोक बघणार. एकदा सरळ गेली म्हणजे येते असं नाही होत."

मी बाकीच्यांकडे बघितलं. साहेब ओढ्यातली तबकडी पुसत होते. औषधवाले आभाळाकडे बघत होते. भाई काही बोलतील असं वाटलं, पण ते सरांकडे बघत होते आणि सर माझ्याकडे. बोलला तो माझा नवरा.

"टाक ना गो परत. तुझा नेम हाय ना? मग काय बिघाडतंय?"

त्याच्यावर मी कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "अहो, ह्यांना दोघांना कुणी सांगितलं का परत टाका म्हणून? एकच फेक ठरली होती. माझी झाली."

"पण..."

"पण नाय. पडली असती ओढ्यात तर दिली असती का मला दुसरी?"

मी चपला काढून हातात घेतल्या आणि ओढ्यात उतरले. गुडघ्याएवढंही पाणी नव्हतं. पलीकडे चढले, टोपलीपाशी गेले आणि माझ्या तबकडीशेजारी खाली बसले, धसकटांत, साडीची पर्वा न करता. तबकडीला हात लावला नाही.

पलीकडून सर ओरडले, "काकू, उचला ना ती! या इकडे!"

"मी उचलणार नाय," मी ओरडले. "आधी मोजा."

ते बराच वेळ तिकडे उभे होते. बोलत होते, हातवारे करत होते. कशेडी घाटाकडून उतरणाऱ्या ट्रकांच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. माझे पाय ओले होते आणि धसकटं टोचत होती. मी ठरवलं होतं की अंधार झाला तरी उठायचं नाही. चुलीवर काय ठेवायचं ते नवऱ्याने बघावं. बांधावर मुठी टाकत उभं राहण्यात मी तीन वर्षं घालवली होती, आता बसून राहायला मला काहीच जड नव्हतं.

शेवटी सरांनी पॅन्टचे पाय वर केले. ते एकटेच ओढ्यातून आले. टोपलीपासून औषधवाल्यांच्या तबकडीपर्यंत ते टाचेला पंजा लावून चालत गेले, परत आले, आणि मग टोपलीपासून माझ्यापर्यंत. माझ्यासमोर येऊन थांबले. त्यांच्या पायांच्या बोटांत चिखल होता.

"त्यांची एकोणचाळीस पावलं," ते हळू म्हणाले. "तुमची सतरा."

मी म्हटलं, "मला ऐकू आलं, सर. पलीकडं नाय गेलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग वळून ओढ्याकडे तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं.